चिडीचूप बाई आणि गप्प झालेला ट्रेनर

घरात सायकल मारायचा ट्रेनर किती वर्षं टिकतो, असं कोणी विचारलं की चिडीचूप बाई आधी विचारणाऱ्याच्या कपाळाकडे बघते. घाम किती येत असेल याचा अंदाज घेते आणि म्हणते, "पुसत राहिलात तर तुम्ही म्हातारे व्हाल, तो होणार नाही. नाही पुसलंत तर पुढच्या वर्षी भेटूच." गिऱ्हाइकाला वाटतं बाई उडवाउडवी करतेय. पण ती अगदी मनापासून सांगत असते. घाम खारट असतो, तो टपटप बोल्टवर पडतो, तिथे गंज धरतो, आणि एक दिवस धडधाकट दिसणाऱ्या स्टँडचा बोल्ट खिळखिळा होऊन हातात येतो. असे कितीतरी बोल्ट तिने एका डब्यात जपून ठेवलेत. हुज्जत घालणारं गिऱ्हाईक आलं की ती तो डबा फक्त खुळखुळवते.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. ट्रेनर म्हणजे लोखंडी पायांचं एक स्टँड. आपलीच सायकल आणायची, मागचं चाक त्यात अडकवायचं. चाकाला एक रोलर टेकतो, रोलरच्या बाजूला जड चकती असते. पायडल मारा, चाक फिरतं, रोलर फिरतो, आणि सायकल मात्र जागची हलत नाही. बाईचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिना महिना घरी नसतो. तो या यंत्राला 'घामाघूम होऊन कुठेच न पोहोचण्याची सोय' म्हणतो. बायको त्याच सोयीवर घर चालवते हे तो बोलताना विसरतो, आणि मग जेवताना त्याला आठवण करून दिली जाते.

चिडीचूप हे नाव तिला गिऱ्हाइकांनीच दिलं. तिच्या हाताखालून गेलेला ट्रेनर चिडीचूप होतो, म्हणून. बेअरिंग बदलायचं, रोलरवर बसलेली रबराची काळी भुकटी स्पिरिटने पुसायची, चाक रोलरवर किती दाबून बसवायचं ते अंगठ्याने चाचपायचं, सायकल मारून झाली की तो दाब सैल करायला शिकवायचं, नाहीतर टायर एकाच जागी चेपतो. हे सगळं करताना तिची स्वतःची टकळी मात्र अखंड चालू असते. मशीन गप्प करणारी बाई स्वतः क्षणभर गप्प बसत नाही, यावर त्या गल्लीत विनोद करून करून लोक थकले.

फक्त एका वेळी ती गप्प होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरत्या बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग नुसतं सळसळतं. खराब व्हायला लागलेलं दाताखाली खडा आल्यासारखं करकरतं. ही विद्या तिला सासऱ्यांनी दिली. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नव्हतं. मामंजींनी तिला दुकानात उभं केलं, कानाला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि म्हणाले, "घाई करू नकोस. ऐक आधी." नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली, सुनेचे हात काळे करता म्हणाले. मामंजी म्हणाले, साबण आहे घरात. आज तिच्या हातात जे काही आहे ते त्यांच्यामुळे, हे ती कुणालाही सांगते, विचारलं नसलं तरी सांगते.

आता मामंजींचे हात थरथरतात. हत्यारं त्यांनी आपणहून खाली ठेवली, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची आहे आणि खुर्चीजवळ चाक सरळ करायच्या स्टँडवर एक जुनं चाक कायमचं बसवलेलं. ते दिवसभर त्या चाकाला बोटाने हलकीशी गती देत बसायचे. चाक फिरायचं आणि त्याचं फ्रीव्हील, म्हणजे मधली दातेरी चकती, टिकटिक टिकटिक करत राहायचं. वेग ओसरला की पुन्हा बोट.

या टिकटिकीने बाईच्या डोक्याचा पार भुगा व्हायचा. इकडे ती श्वास रोखून बेअरिंग ऐकतेय आणि तिकडे टिकटिक. शेवटी एका दुपारी मामंजींचा डोळा लागला असताना तिने त्या फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरलं. मामंजी उठले, त्यांनी चाकाला बोट लावलं. चाक आवाज न करता फिरलं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग दारातून पुढे तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान झालं हो." तिला हायसं वाटलं. ते मात्र पूर्वीसारखेच चाक फिरवत राहिले, आवाजाशिवाय.

त्यानंतर तिला एक नवीनच खोड लागली. चालू काम टाकून उठायचं आणि मागच्या खोलीत डोकावून यायचं. कधी पाणी प्यायला, कधी पाना शोधायला, आणि पाना तिच्याच खिशात. शेजारचा शिंपी मशीनवरून मान वर करून म्हणायचा, "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" ती म्हणायची, वय झालं आता, एका जागी बसून पाय आखडतात. तिने स्वतःचीही अशीच समजूत घातली होती.

अशातच एक दिवस भूगोलाच्या सरांचा फोन आला.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी घरातल्या घरात रोज सायकल मारायला सांगितलं होतं. रस्त्यावर नाही, घरात, बेताबेताने. भाच्याने त्याचा जुना ट्रेनर आणून दिला होता आणि त्याला अक्षरशः घरघर लागली होती. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे.

बाई गेली. तिसरा मजला, बंद केलेल्या गच्चीची अरुंद खोली, भिंतीवर जगाचा नकाशा. सर नकाशाकडे तोंड करून सायकल मारायचे. "कालच एक वाळवंट ओलांडलं," त्यांनी सांगितलं. सरांच्या पत्नी, काकू, एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अजूनही बोलताना त्या मान किंचित कलती ठेवायच्या, कानावर हेडफोन असल्यासारखी.

बाईने त्या ट्रेनरवर जीव ओतला. बेअरिंग बदललं, गंज खरवडला, रोलर आरशासारखा केला. सायकलचा मागचा टायर नक्षीदार होता, तो काढून ट्रेनरसाठी मिळतो तसा गुळगुळीत टायर चढवला. स्टँडखाली जाड रबरी चटई घातली. सरांनी पायडल मारलं. सरांच्या श्वासाखेरीज काही ऐकू येईना. सर खूश होऊन म्हणाले, "आता निदान रेडिओ तरी ऐकता येईल." काकूंनी चहा दिला, आभार मानले. त्यांचा चेहरा जरा ओढलेला वाटला, पण आजारपण काढलेल्या घरात चेहरे असेच असतात. बाई स्वतःवरच खूश होऊन जिना उतरली. असं काम वर्षातून एखाद्याच वेळी जमतं.

पंधरवड्याने काकूंचा फोन आला. "ट्रेनर बिघडलाय. लगेच ये."

मागून सरांचा आवाज आला, "काही बिघडलेलं नाही! येऊ नका!"

मामंजींवर लक्ष ठेवायला शिंप्याला सांगून ती गेली. ट्रेनरला कान लावला. सळसळ, बस्स. रोलर स्वच्छ, बोल्ट घट्ट. सायकलची सीट मात्र धुळीने भरली होती, आणि हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"सर, तुम्ही चालवत नाही वाटतं?"

सरांनी काकूंकडे बोट केलं. "हिला विचारा. मी बसलो रे बसलो की ही दारात. दोन मिनिटांनी परत दारात. ठीक आहात ना, बरं वाटतंय ना. इथेच बस म्हटलं तर खुर्ची टाकून समोर बसली. अहो, मी पेपर सोडवतोय आणि ही पर्यवेक्षक! जन्मभर मी मुलांवर नजर ठेवली, त्याची सगळी फेड हिने एका आठवड्यात करून घेतली. मी म्हटलं, राहू दे मग ते. नाही चालवत."

"आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगा की," काकू म्हणाल्या.

सर नकाशाकडे बघायला लागले. शेवटी काकूंनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, असेच बसून राहिलात तर पुन्हा माझ्याच टेबलावर याल, आणि दुसऱ्या खेपेची मी खात्री देत नाही.

"काकू, पण मशीन ठणठणीत आहे हो," बाई म्हणाली. तिचा सूर थोडा दुखावलेला होता. इतक्या वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"बिघडलंय," काकू म्हणाल्या. "ऐकू येत नाही."

"ऐकू येऊ नये म्हणून तर मी—"

"तू माझ्याबरोबर आत ये. अहो, तुम्ही बसा सायकलवर. एवढं एकदा माझं ऐका."

सर कुरकुरत सीटवर चढले. काकूंनी बाईला स्वयंपाकघरात नेलं. मधे एक बोळ आणि एक दार. काकूंनी विळी घेतली, शेंगा चिरायला घेतल्या. तीन-चार शेंगा चिरून झाल्या आणि त्यांचा हात थांबला. मान कलली. त्या उठल्या, बोळातून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, बसल्या. आणखी काही शेंगा. पुन्हा उठल्या. शेंगा ताटात तशाच.

बाईला आपण हे कुठेतरी पाहिलंय असं वाटलं, पण कुठे ते आठवेना.

"ते झालं ना, त्या दिवशी मी इथेच होते," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "हे बाहेर पेपर वाचत होते. पेपर वाचणाऱ्या माणसाचा काही आवाज येत नाही ना गं. मी इथून त्यांच्याशी बोलत होते. किती वेळ बोलत होते मी! शेजारणीचं सांगितलं, नळाचं सांगितलं, ऐकताय ना म्हणून एकदा रागावलेसुद्धा. आणि ते तिकडे खुर्चीतून खाली…" त्यांनी विळी बाजूला केली. "एक्स्चेंजमध्ये मला शिकवलं होतं, लाईन खरखरतेय तोवर घाबरायचं नाही. खरखर म्हणजे पलीकडे जोडलेलं आहे. एकदम शांत झाली की समजायचं, तुटली. तो तुझा ट्रेनर घरघरत होता ना, तेव्हा मी सुखाने स्वयंपाक करत होते. सुरुवातीला दमाने, मग चढावर लागल्यासारखा, शेवटी उतरता. खालचे ठोकत होते, पण मला इथे बसून सगळं कळत होतं. तू तो चांगला केलास आणि माझी लाईनच गेली."

चिडीचूप बाई खरोखर चिडीचूप झाली. हे तिच्या बाबतीत इतक्या क्वचित घडतं की गल्लीतल्या कुणी पाहिलं असतं तर घड्याळ लावून ठेवलं असतं.

तिने मशीन ऐकलं होतं. बेअरिंगचा कण न् कण ऐकला होता. त्या घरात आणखी कोण ऐकतंय, हे मात्र तिने ऐकलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ते तिने सरळ बोलून दाखवलं. "काकू, चुकलं माझं. आवाज म्हणजे बिघाड, एवढंच माझ्या डोक्यात. थांबा, करते मी काहीतरी."

आता तिने जन्मात न केलेलं काम तिच्यापुढे येऊन पडलं. ठणठणीत मशीनला वाजवायचं, पण खालच्यांना त्रास न होता आणि बेअरिंगला इजा न करता. तिने आधी रोलरचा दाब वाढवला. आवाज आला, पण सरांना पायडल जड झालं, ते हृदयाला चालणार नाही. तो सैल केला. चटई काढली तर खाली धडधड जाणार. मग तिची नजर माळ्यावर ठेवलेल्या जुन्या नक्षीदार टायरवर गेली. तो तिने परत चढवला. नक्षीचे उंचवटे रोलरवरून धावायला लागले की टायर गुणगुणतो, आणि ते गुणगुणणं हवेतून जातं, चटईमुळे जमिनीत उतरत नाही.

"काकू, आता?" तिने गच्चीतून ओरडून विचारलं.

"येतोय! पण ट्रंक कॉल वाटतोय, फार लांबचा!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

टायरमध्ये हवा थोडी वाढवली. "आता?"

"आता जवळ आला. अहो, जरा जोरात मारा बघू!"

सरांनी वेग वाढवला. गुणगुण चढली.

"आता हळू!"

गुणगुण उतरली. स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. "लागली लाईन! बोला आता!"

सरांनी पायडल मारता मारता विचारलं, "पण काय हो, या नक्षीने रोलर झिजणार नाही का? तुम्हीच म्हणाला होतात गुळगुळीत टायर चांगला म्हणून."

"झिजेल," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही. "टायर तर फार लवकर झिजेल. भुकटी पडेल, ती पुसायला लागेल. अधूनमधून मी येऊन टायर बदलेन."

"म्हणजे आयुष्य कमी झालं."

"टायरचं, सर. तुमचं नाही."

 नकाशावर एका निळ्या समुद्राकडे बघत सर पायडल मारत राहिले, आणि आतून विळीवर शेंगा चिरल्याचा आवाज येऊ लागला, एका लयीत, न थांबता. सरांनी मान जराशी वळवली. तो आवाज आता त्यांनाही ऐकू येत होता.

निघताना काकूंनी दारात बाईचे दोन्ही हात धरले, काळे होते तरी. "माझं वेड समजून तू निघून गेली असतीस तर मी काय करणार होते? ऐकून घेतलंस गं. देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या.  उपकार कुणी कुणावर केले हे बाईला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ती जिना उतरली.

दुकानात येऊन ती एका गिऱ्हाइकाच्या ट्रेनरला भिडली. झाकण उघडलं, एक स्क्रू काढला, आणि उठली. चार पावलं गेली, मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आणि तिथेच खिळली. आपण कशाला उठलो? तहान नव्हती. पाना हातात होता. ती काकूंसारखीच मान कलती करून उभी होती.

खिडकीपाशी मामंजी चाकाला बोट लावत होते. चाक फिरत होतं, आवाज न करता. म्हणजे भिंगरी पायाला नव्हती, टिकटिक गेली तेव्हापासून ती उठत होती.

"मामंजी," ती म्हणाली, "हे चाक तुम्ही दिवसभर का फिरवता?"

 मामंजींना आता शब्द गोळा करायला वेळ लागतो. "तू पुढे एकटी असतेस," ते म्हणाले. "मागे कोणी आहे, हे तुला कळायला नको का?"

ती आत आली. "मग मी ग्रीस भरलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुला कामात ऐकू येत नव्हतं ना. काम आधी."

"आणि मग फिरवत कशाला राहिलात? ऐकू तर काही येत नव्हतं."

"सवय," मामंजी म्हणाले आणि थोडं हसले. "शिवाय तू येऊन बघून जायचीस. त्यात माझं भागत होतं."

ती तिथेच खाली बसली आणि रडली, अगदी मोकळेपणाने, पदर-बिदर न लावता. मामंजी घाबरले. तेव्हा ती डोळे पुसून उठली, त्यांच्यासमोरच चाक स्टँडवरून उतरवलं, फ्रीव्हील काढलं आणि रॉकेलच्या थाळीत टाकलं. बोटाबोटाने सगळं घट्ट ग्रीस धुऊन काढलं. धुताना तिचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं. काकू, लाईन, शेंगा, खालच्यांचा झाडू, सगळं तिने मामंजींना सांगितलं, आणि ते मान डोलावत ऐकत होते. फडक्याने पुसून तिने पातळ तेलाचा एक थेंब सोडला आणि चाक जागेवर बसवलं.

"फिरवा," ती म्हणाली.

मामंजींनी थरथरतं बोट लावलं. टिकटिक टिकटिक टिकटिक.

पलीकडून शिंप्याने ओरडून विचारलं, "आलं का पुन्हा तुमचं घड्याळ?" ती म्हणाली, "आलं! आणि आता चालूच राहणार आहे, कानात बोळे घाला!"

मग ती पुढे येऊन अर्धवट ट्रेनरपाशी बसली. बेअरिंग फिरवलं, स्क्रू ड्रायव्हर कवचावर टेकवला, मूठ कानाला लावली. टिकटिकीत काही कळेना. इतके दिवस तिला जे सुचलं नव्हतं ते आता किती सोपं होतं.

"मामंजी, जरा थांबता?"

टिकटिक थांबली. तिने डोळे मिटून ऐकलं. बेअरिंग चांगलं होतं, अजून कितीतरी चालणारं. तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"झालं," तिने आत हाक दिली. "फिरवा आता."